बुरशी लागलेला पन्नास

खडे बाजाराच्या मागच्या बोळात,
बसवण्णी हुक्केरींच्या स्टुडिओत घेतला हा लेन्स,
अडीच हजारांना, झाकणाशिवाय.
उजेडाकडे धरून बघितलं तर आत पांढरी मुळं,
एखाद्या ओढ्याचा नकाशा असावा तशी.
"बेळगावची हवा," हुक्केरी म्हणाले.
"इथं कपाटातल्या चपलांना बुरशी येते.
तांदळाच्या डब्यात ठेव. फोटोत येत नाही ते.
परवा इल्ल."

मी उद्यमबागेत सिलिंडर तपासतो.
दोन मायक्रॉन इकडं तिकडं झाले की माल परत.
माझा विश्वास कसा बसावा?

पहिला फोटो भरमाण्णांचा, वडगावात, मागावर.
आकडा एक पॉइंट आठ.
एक डोळा लख्ख, पापणीवर सुताचा कण,
दुसरा डोळा धुक्यात,
कान तर कुणा दुसऱ्याचाच.
बुरशी कुठंच नाही.
भरमाण्णा स्क्रीनवर वाकून म्हणाले,
"कान कुठं गेला रे माझा? तेवढाच धड होता."

मग आठ. मग अकरा.
कान आला, कॅलेंडर आलं, दारातली सून आली,
तिच्या हातातला चहासुद्धा,
पण उजेड पुरेना, धोटा पळाला
आणि नुसती रेघ उरली.
हे घेतलं की ते सांडतं,
असं वहीत लिहिलं,
बत्तीस बिघडलेल्या फोटोंच्या नंबरांखाली.

संध्याकाळी मल्लव्वा, पाव किलो कुंद्यासाठी उभी.
पुन्हा एक पॉइंट आठ.
मागची पाटी विरघळून गेली,
कानडी ओळ कुठली, मराठी कुठली,
पिवळे गोल नुसते, एकात एक शिरलेले.
शालनला म्हटलं, दुकानाचं नाव गेलं बघ.
ती म्हणाली, "दुकान कळतंय की.
ती पोचा पडलेली परात नाही का दिसत?"

राजहंसगडावर मात्र
सूर्य समोरून आला, आणि बुरशी आली.
फोटोभर ताक सांडल्यासारखं.
बुरूज फिका, झेंडा फिका, खालची भातशेती फिकी.
काचेला जे चिकटून असतं ते काचेला दिसत नाही,
समोरून उजेड पडला तरच.
मी तळहाताची सावली धरली लेन्सवर
आणि हिरवा रंग हळूहळू परत आला.

शालन सुईत दोरा ओवत होती. जवळ गेलो,
अजून जवळ; ती पुसट झाली.
दीड फुटाच्या आत या लेन्सला कुणी ओळखीचं नाही.
मागं सरकलो तर पाठीला मोरी.
"काढला का?" तिनं मान न उचलता विचारलं.
नाही काढला.

रात्री लेन्स तांदळात पुरला.
सकाळी भाताला तांदूळ काढताना तिनं तो वाटीत ठेवला होता,
वर लोणच्याच्या बरणीचं झाकण.
घट्ट बसलेलं.
व्हर्नियर खिशातच होतं.
लावून नाही बघितलं.