दोन पंखांमधला ताणा

सीताबर्डीच्या रद्दीवाल्याकडे
किलोच्या भावात मिळालेल्या मासिकात
ते होतं: तीन इंजिनांचं, पंखावर पंख असलेलं,
अमेरिकेतलं, मामाच्या जन्माआधीचं.

मला वाटलं, मामा हसेल.
डोमाजी पराते, गोळीबार चौक,
बत्तीस वर्षं खड्ड्यात पाय सोडून माग चालवलेला माणूस.
त्याने चष्मा कपाळावर चढवला,
पानाला नाक लावलं आणि म्हणाला,
"हे तं कापड हाय बे."

होतंच. नळ्यांच्या सांगाड्यावर ताणलेलं कापड,
वर लेप, वाळला की ढोलासारखा घट्ट.
आणि दोन पंखांच्या मध्ये तारा,
तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या.
"ताणा ढिला झाला का विमान बी लोंबते,"
जणू त्याने दहा विमानं विणली होती.

मग रोज दिवेलागणीला: पुढं काय झालं?
मी इंग्रजी मजकूर अडखळत सांगायचो.
आधी बारा खुर्च्या. नंतर अठरा.
चामड्याच्या गाद्या, डोक्याशी दिवा,
नळाला गरम पाणी.
"गरम पानी? हवेत?"
आमच्या गल्लीत नळ पहाटे चारला यायचा, पाऊण तास.

शेपूट डुलायचं म्हणून त्याला आणखी दोन जोडली.
वैमानिकाला काचेआड बसवलं
तर वैमानिकच कुरकुरले:
तोंडावर वारा नाही, वेग कळणार कसा?
मामा बराच वेळ गप्प.
"खरं हाय. पॉवरलूमवर होतो मी सहा महिने.
सूत तुटलं तं त्या आवाजात समजूच नाई आलं.
हातमागावर बोटाले आधी कळे."

उन्हाळाभर तो ते करत बसला.
कामट्या बुरडाकडच्या, खळ तांदळाची,
पंखांना मामीच्या लुगड्याचा पदर,
त्यामुळे खालच्या पंखाला किरमिजी काठ आला,
तो तसाच ठेवला.
खुर्च्या अठरा, आगपेट्यांच्या.
वैमानिकाला छप्पर दिलं नाही.

शेवटचं पान मी टाळत होतो.
एका रात्री वाचलं: थोड्याच वर्षांत
एकपंखी आली, सगळी धातूची,
आणि ही उरलेली माल वाहू लागली.
मामाने पानाची घडी करून खिशात ठेवली.
"वाहतच होती नं?"
एवढंच.

आता ते मागाच्या खड्ड्यावर टांगलेलं आहे.
मे महिन्यात कूलर लावला
की खसाच्या ओल्या वाऱ्यात
मधला पंखा फिरतो, उजवा फिरतो,
डावा जरा थांबून.
सोनेगावला उतरणारं खरं विमान
कौलं हलवत जातं.
मामा वर बघत नाही.
तो डाव्या पंख्याची वाट बघत असतो.