पक्षी वगळून

म्हापशात, तारीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर
माझं दुकान. रुंदी साडेसात फूट.
झेरॉक्स, लॅमिनेशन, रिचार्ज,
आणि काचेमागे टांगलेले पेन ड्राइव्ह,
दोनशे ऐंशीला एक.

आत आहे ते फुकट आहे.
हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो.
तरी येतात.
फेलिसिदादबाई येतात, कपेलाचा हिशेब ठेवायला.
पुंडलिक गावस येतात सत्तरीहून, दूध संस्थेचे.
त्यांच्या वाड्यावर रेंजची एकच काडी,
तीही फणसाखाली उभं राहिलं तर.

परवाना मी वाचलाय. अकरा पानं,
दुपारी शटर अर्धं ओढून, डिक्शनरी मांडीवर घेऊन.
वापरा. वाटा. विका. उघडून पाहा. बदला.
इतका उदार कागद मी पाहिला नव्हता,
कोमुनिदादच्या कचेरीत तर नाहीच.
शेवटच्या पानावर एक बारीक ओळ:
नाव आणि निळा पक्षी तेवढे आमचे. विचारून लावा.

विचारलं. तीन रात्री लागल्या पत्राला.
अठराव्या दिवशी उत्तर, खाली सही, इंग्रिड:
जसंच्या तसं विकता? मग नाव लावा, पक्षी लावा,
पैसे तुमचे.
काही बदललं असेल, तर नाव मात्र दुसरं शोधा.

बदललं होतं.
नऊ हजार शब्द घातले होते मी,
खाजन, मानस, पोय, पुरुमेंत,
बायको जेवणं उरकल्यावर सांगायची, मी टाइप करायचो,
आपल्या बोलण्याखाली लाल रेघ येऊ नये म्हणून.
त्यासाठीच तर गावस एवढ्या लांबून येत.

डोकं फिरलं. शटर ओढून बाजारात गेलो.
शुक्रवार होता.
आंबा उचलला, नाकाला लावला, परत ठेवला.
'बाये, ह्याला मानकुराद म्हणतेस?
दुसरं काहीही म्हण, पण...'
आणि पुढचं वाक्य
मला माझ्याच तोंडात सापडलं.

मिंगेलने ब्लेडने काच खरवडली.
पक्षी गेला. उन्हाने न विटलेली
पंखाएवढी जागा मागच्या पडद्यावर राहिली.
'नवं नाव कितें बरोवं?'
'थांब जरा.'

तो अजून थांबलाय.
पावतीवर नावाच्या जागी मी रेघ ओढतो.
लोक मात्र रेघ मागत नाहीत,
'कोरगावकाराचें दी' म्हणतात.

काल गावस आले, खिशातून एक ड्राइव्ह काढून ठेवला.
डिचोलीला घेतला म्हणे, कोरगावकरचा म्हणून,
दीडशेला.
लावून पाहिला. 'पुरुमेंत' लिहिलं.
लाल रेघ.

रात्री दिवा लावून बसलो,
नवा कागद घेतला, वर लिहिलं
माननीय महोदय,
आणि इंग्रिडबाईंचं पत्र
पुन्हा एकदा, सावकाश, वाचायला काढलं.