दोन आण्याची फट

नागभीडच्या रस्त्यावर, राइस मिलच्या भिंतीला टेकून
शालिक मिस्त्रीचं टिनाचं दुकान.
भिंतीपलीकडे दिवसभर धान भरडतं,
म्हणून इंजिन तो कानानं ऐकत नाही,
तळहात ठेवतो.

मी येझदी ढकलत नेली.
त्यानं आधी गाडी बघितली, मग माझ्या तुटक्या चपला.
"नत्थूजी कुठी हायेत?"
घरीच, म्हटलं. हात दाखवत नाहीत कुणाला.

ढोरांच्या दवाखान्यात बाबा तीस वर्षं ड्रेसर.
पोळ्याच्या आधीच्या मंगळवारी
एका गोऱ्ह्यानं मान झटकली.
कासऱ्याचा वेढा डाव्या हाताला होता.
दोर गेला, दोन बोटं गेली.
गोऱ्ह्याचा राग त्यांना आला नाही.
राग आला क्लचचा.
ती ताठ तार उरलेल्या बोटांना ओढवेना.
"विकून टाक," म्हणाले, जेवताना, भाताकडे बघत.

शालिकनं उजव्या बाजूचं झाकण काढलं.
ग्रीसमध्ये मुरलेली धूळ, एक मेलेली गांधीलमाशी,
पुशरॉडचं टोक.
"पाय," तो म्हणाला.
आमच्याकडे पाय म्हणजे बघ.
मी बघितलं. काहीच नव्हतं,
गिअरच्या दांड्याजवळ नुसती रिकामी जागा.
"पाय!" तो परत म्हणाला
आणि या वेळी स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारली.

तर ही गाडी मुळात पायानंच क्लच सोडायची.
गिअर दाबला की आतला लोखंडाचा एक तुकडा
आपसूक रॉड ढकलायचा,
हाताला नुसता मान होता,
लग्नात पाटावर बसवलेल्या मामासारखा.
पुढे कुण्या मिस्त्रीनं, कटकट नको म्हणून,
तो तुकडा काढून फेकला
आणि वीस वर्षं बाबा
गाडीचं काम आपल्या मुठीनं करत राहिले.

तुकडा मिळेना. ब्रह्मपुरीच्या भंगारात नाही, वडश्याला नाही.
शेवटी रोटाव्हेटरचं मोडकं पातं
झिबल लोहाराच्या भट्टीत लाल केलं,
कापलं,
आणि चार संध्याकाळी नुसती कानस.
पाचव्या दिवशी तो जागेवर बसला.
थोडा वाकडा. पण बसला.

मग स्क्रू.
अर्धा आटा पुढे, पाव आटा मागे.
जास्त आवळला तर प्लेटा घसरतात, जळका वास सुटतो,
ढिला ठेवला तर गिअर करकरतो,
गाडी उभ्या उभ्या उडी मारते.
गल्ल्यातून त्यानं एक जुनं नाणं काढलं,
दोन आण्याचं, चौकोनी, कडा झिजलेलं.
फटीत सरकवलं, काढलं, परत सरकवलं.
"इतकी मोकळीक पायजे पोरी.
मंग कोनी कोनाले ओढत नाई."
नाणं पुसून पुन्हा गल्ल्यात.

बोडीच्या पाळीवर बाबा आले
हात दुपट्ट्यात गुंडाळून.
पहिल्यांदा पाय झटकन सोडला, गाडी बंद.
दुसऱ्यांदाही बंद, आणि काठावरचे बगळे उठले.
शालिक बोलला नाही, खिशात बिडी शोधत राहिला,
जी त्याच्या कानावरच होती.
तिसऱ्यांदा पाय हळू सुटला,
ओल्या जखमेवरची पट्टी सोडवावी तसा,
आणि गाडी गेली.
मोहाच्या झाडापर्यंत गेली.
वळायचं कसं, हे ठरवायला तिथं थोडा वेळ लागला.

तेवढ्यात मी म्हटलं, ते डावं लिव्हर काढूनच टाका आता.
"राहू दे. हाताले काही तं पायजे."

परत येताना दिसलं,
पाय आपलं काम करत होता
आणि दर गिअरला उरलेली बोटंही
त्या बिनतारेच्या लिव्हरवर मिटत होती.

मजुरी तीनशे झाली. बाबांनी पावणेतीनशे दिले.
शालिकची शेळी आठ दिवसांपासून लंगडते.
उरलेल्या पंचवीसात
तिचा पाय पायतो म्हणाले.