वरच्या मजल्याचं पाणी

सोहारचं इस्पितळ, तळघर, दुपारचे अडीच.
बाहेर सेहेचाळीस डिग्री, इथे मी स्वेटर घालून.
बशीर हमदुले, वय एकसष्ट, मूळ गाव बाणकोट.
हृदय शंभरातलं बावीस टक्के चालतं,
आणि डॉक्टर झुवैनांना बघायचाय त्यांचा मेंदू.

"दुखणं छातीचं, आणि फोटो डोक्याचा?"
मी समजवायला तोंड उघडलं,
तर तेच म्हणाले, "हां. कळलं."
समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यात
एकतीस वर्षं पंप सांभाळलेत त्यांनी.
"दाब उतरला ना, तरी तळमजलेवाला गप असतो.
पहिला फोन वरच्या मजल्यावरून येतो."

चांदीची अंगठी निघेना. बोटं सुजलेली.
साबण झाला, मग खोबरेल,
रुकय्याभाभींच्या पिशवीतूनच निघालं.
सपाट निजवत नाही त्यांना;
दोन वर्षं झाली, बसूनच झोपतात
रात्रपाळीवर असल्यासारखे.
पाठीखाली पाचर दिली, एक उशी, मग आणखी एक, दुमडून.

सकाळी पाच शब्द दिले होते लक्षात ठेवायला:
लिंबू, शिडी, उंट, किल्ली, चटई.
उंटापर्यंत आले, थांबले.
मग हसले, "उंट पुढे जाऊ देत नाय."

यंत्र ठोकायला लागतं.
काचेपलीकडून मी म्हणते, श्वास घ्या. रोखा.
रोखा.
सोडा.
पडद्यावर राखाडी वळ्या उमटतात,
आठवणींचा तो मुडपलेला कोपरा, जरासा आक्रसलेला,
आणि पांढरे ठिपके,
टाकी आटल्यावर तळाशी राहतं तसलं मीठ.
मी डॉक्टर नाही. वाचायचं काम माझं नाही, काढायचं.
पण बारा वर्षांत नजर बसतेच.

बाहेर भाभी हात धरतात,
"दिसलं का काही?
रात्री तीन-तीनदा उठवून विचारतात, मोटर बंद केलीस काय?
आमच्या घरात मोटरच नाय गं."
मी म्हणते, रिपोर्ट डॉक्टर सांगतील.
ते खुर्चीत बसलेत. अंगठी परत बोटात जात नाही,
म्हणून मुठीत धरलीय.

अभ्यासाचा नियम आहे:
चित्रं पुढे पाठवायची ती नाव पुसून.
बशीर हमदुले यांचा क्रमांक चौदा होतो,
एका बटणाचं काम.
आज मी ते दाबायला
जरा वेळ लावते.