मासळीचा वास

तीन दिवस घरात मासळीचा वास होता.
आमच्या घरात, जिथे चातुर्मासात
कांदासुद्धा उंबऱ्याबाहेर राहतो.
सून म्हणाली, वरचे. मी म्हटलं, वरचेच.
वर पेडणेकर आलेत, वेंगुर्ल्याचे,
बँकेने उचलून इंदूरला फेकलेले, बिचारे.
पण बिचारे असले म्हणून काय झालं,
लोकमान्य नगरात असं कधी चालून राहिलं नाही.

चौथ्या दिवशी पदर खोचून जिना चढले.
वाक्य तयार होतं, गोड आणि धारदार.
दार उघडलं तर शर्वाणी पेडणेकर
हातात शेंगदाण्याच्या कुटाची वाटी घेऊन उभी.
"या ना काकू. आज सोमवार, माझा उपास."
वाक्य घशातच राहिलं.
कसंबसं वासाचं सांगितलं, तर ती तशीच खाली आली.
पुढच्या खोलीत उभी राहिली,
नाक जरा वर केलं, बंदरावर करत असेल तसं.
"ही मासळी नाही. मासळी मला कळते.
काकू, काहीतरी जळतंय."

कॅलेंडरमागे बोर्ड होता.
उचलून पाहिलं, तर जुलैच्या पाठीवर
तपकिरी डाग, वर इस्त्री विसरावी तसा.

इद्रिस आला महाराणी रोडवरून.
आधी मेन बंद केला, मग चष्मा पुसला.
चिनीमातीचा फ्यूज उपटून काढला.
वरून पांढरा, खालून काळा,
किडलेल्या दाढेसारखा.
"अम्मा, ये किसने बांधा?"

यांनी.
सत्त्याऐंशी साली कूलर घेतला, त्या उन्हाळ्यात
रात्रीतून तीनदा फ्यूज जायचा.
चौथ्यांदा गेला तेव्हा बनियनवर उठून
यांनी तांब्याची तार सात पदरी पिळली
आणि घातली. पुन्हा गेला नाही.
हे गेले. फ्यूज नाही.
लग्नाच्या पंगतीत सांगायचे लोकांना,
"आमच्याकडे? छे. जातच नाही."

इद्रिस ती तार बोटांत फिरवत होता.
"इसका तो काम ही मरना था, अम्मा.
इसी को अमर कर दिया."

मला राग आला त्याचा.
गेलेल्या माणसाच्या कामाला कोणी असं बोलतं का.
मग त्याने भिंतीतून वायर ओढली,
आणि तिचं आवरण त्याच्या तळहातावर
भाजलेल्या पापडासारखं मोडून पडलं.

छत्तीस वर्षं पाहुणे येतच गेले.
फ्रिज आला, गीझर आला,
मुलाचं लग्न झालं तसा एसी, मग दुसरा एसी,
नातवाचा कॉम्प्युटर, ते शेगडीवालं काचेचं काहीतरी.
सगळ्यांना त्याच एका पानावर वाढलं आम्ही.
बोर्ड कधी नाही म्हणाला नाही.
नाही म्हणायची त्याची जीभच
यांनी बांधून ठेवली होती.

आता पांढरी पेटी आहे, रांगेत खटके,
प्रत्येकाखाली इद्रिसच्या पोराच्या अक्षरात चिठ्ठी.
'बाथरूम'चं 'बाथरुप' झालंय, असू दे.
अठरा हजार गेले.
पहिल्याच संध्याकाळी सुनेने
गीझर चालू असताना त्याच लाइनवर इस्त्री लावली.
टक.
नातू ओरडला, "आजी, नवीनच बिघडलं!"
मी म्हटलं, नाही रे. नवीन आहे म्हणून.
मोबाइलच्या उजेडात भिंतीवरचा यांचा फोटो
नेहमीसारखाच बघत होता, समाधानाने.
त्यांना काही सांगितलं नाही.
तार टाकवली नाही. सुपारीच्या डब्यात आहे.

परवा पुन्हा वास आला.
उठले. इद्रिसने शिकवलं तसा
उलटा हात पेटीवर ठेवला.
गार.
बाजूच्या भिंतीवर ठेवला. गार.
मग वर पाहिलं. शर्वाणीकडे झारा वाजत होता,
तेल चुरचुरत होतं. बांगडे असावेत.
सून खिडकी लावायला उठली.
म्हटलं, बस गं.
असू दे उघडी.