वायच उशिरा

बंदी लागली की होड्या झापांखाली जातात
आणि इंजिनं माझ्याकडे येतात, वेंगुर्ल्याच्या बंदरावर,
दोन सिलिंडरची, तीनची, मिठानं खाल्लेली.
पाना उचलण्याआधी मी ऐकतो.
टॅपेट वाजतो तो वेगळा, बेअरिंग कण्हतं ते वेगळं.
एवढंच एक शिक्षण माझं.

पाश्कोल मास्तर विहिरीवरचा पंप घेऊन आले,
तो न उघडताच मी सांगितलं, कुठं काय.
ते माझ्या कानाकडे बघत राहिले,
बाजारात सुरमईच्या कल्ल्याकडे बघावं तसे.
म्हणाले, “सांजेक घराकडे ये.”

एकोणीस वर्षं बोटीवरच्या वाद्यवृंदात व्हायोला.
व्हायोला म्हणजे काय, मला ठाऊक नव्हतं.
“व्हायोलिनची थोरली भयण. लगीन न झालेली.
सगळा घर तिच्यार चलता, फोटोत ती दिसणा नाय.”

कॅसेटींवर नावं नव्हती, फक्त शतकं,
बॉलपेननं, डब्याच्या पाठीवर.
नाव विचारलं की चिडायचे:
“आधी कान दी. नाव मागसून.”

पहिल्या दिवशी नुसते पुरुषांचे गळे, दगडी घुमटाखाली,
एकच ओळ, तिला ना ठेका ना सोबत.
सपाट पाणी. वल्हं उचललेलं, थेंब गळतायत.
मला झोप आली. त्यांनी येऊ दिली.

सतराशेचा डबा उघडला तेव्हा मात्र मी ताठ बसलो.
एक सूर निघाला, त्याच्या मागं तोच दुसरा,
मग खालून तिसरा, तेच बोलत, पण आपल्या वेळेला,
रापणीचे दोर दोन बाजूंनी ओढतात तसं:
इकडची माणसं तिकडच्यांकडे बघत नाहीत,
जाळं मात्र एकाच जागी वाळूला लागतं.
“कितके दोर?” मास्तरांनी विचारलं.
“तीन.”
“चार. मधलो सोडलंस.”
मधला ऐकू यायला मला आषाढ संपला.

नंतरची एक कॅसेट इतकी नीट होती,
प्रश्न, उत्तर, सारवलेलं खळं, कोपऱ्यात केरसुणी,
की मी म्हटलं, यात बिघाडच नाही, मी काय ऐकू?
मास्तर हसले. “थांब. पन्नाशी गाठ.”
(गाठली. बरोबर होते ते.
एवढं नीट ठेवायला माणसाला केवढा त्रास पडत असेल.)

मग शंभर माणसं एकदम. पाणी उभं राहिलं.
त्या रात्री मास्तरांनी दिवा लावला नाही,
तीच जागा दोनदा मागं घेतली,
आणि मी कुणाच्या तरी घरात न विचारता शिरल्यासारखा
चपला चाचपत बाहेर आलो.

शेवटच्या डब्यावर शतक होतं आमचंच.
पत्रा कापल्यासारखं, मध्येच गप्प, पुन्हा एक ठोका.
“ह्यां माका कधी कळाक नाय,”
मास्तर टेप बंद करायला उठले.
मी त्यांचा हात धरला.
थंड इंजिन. हँडल मारलं. धरत नाही.
पुन्हा. एक फट्, मग काही नाही,
आणि त्या काही नाहीत अख्खी होडी कान देऊन बसलेली,
खडकांपासून चार वाव दूर.
हे मी ऐकलंय, म्हटलं. निवतीच्या पुढे, रात्री.
मास्तर पुन्हा बसले. पहिल्यांदाच
ते माझ्याकडे बघून ऐकत होते.

नारळी पौर्णिमा आली, झाप उतरले.
त्या संध्याकाळी आणखी एक कॅसेट, डब्याशिवाय:
बोटीवरचा जेवणाचा हॉल, काटे-चमचे, कुणीतरी खोकलं,
आणि त्या सगळ्याखाली वाद्यवृंद.
बोट हलत असावी; सूर किंचित कलत होते.
मास्तर खिडकीतून दीपगृहाकडे बघत होते,
म्हणजे बघत नव्हते.
संपल्यावर म्हणाले, “माका आयकलंस?”

ऐकलं होतं. सगळ्यांच्या मधोमध,
दर फेरीला केसभर मागं,
सैल टॅपेटसारखं,
ज्याच्यावरून काळोखातही सांगावं, होडी कुणाची.

“आयकलंय,” मी म्हटलं. “वायच उशिरा इलात.”

मास्तर इतके हसले, की शेजारचं कुत्रं भुंकलं,
मग त्याच्या मागं वाडीतलं दुसरं,
आपल्या वेळेला.