माग

मंगळवारी वडगावात वीज नसते.
गल्लीतले माग गप्प.
खरं कानातला चालूच राहतो,
खटक-खट, खटक-खट,
जेवताना, केस विंचरताना, झोपेतसुद्धा.

सकाळी सातला तोपिन्ना दारात,
येझदीवर, मागे ट्रॅक्टरच्या चार ट्यूबा,
हवा काढून घडी घातलेल्या,
आम्ही साड्या घालतो तशी.
"चल. बेटावर गाडी मारायची."
"कुठलं बेट?"
"हिडकलच्या पाण्यात आहे की एक.
माणसं गेलीत, म्हशी गेल्यात,
गाडी कुणी नेली नाही अजून."
आईनं एवढंच विचारलं,
पेट्रोल कुणाचं.

सुतगट्टीचा घाट, ट्रकांची रांग,
यमकनमर्डी सोडली, मग डांबर सोडलं.
तिथं हँडल माझ्याकडं आलं,
त्याचं मनगट अजून प्लास्टरमधून निघून आठवडाच झालेला.
उसाच्या ट्रॅक्टरांनी पाडलेल्या चाकोऱ्या
वाळून दगड झालेल्या.
पायांवर उभी राहिले, गुडघे सैल,
दात घट्ट.
तुटलेला धागा आधी बोटांना कळतो,
डोळ्यांना नंतर.
मुरमातली वाटही तशीच कळत गेली.
मेंढरं आवरत एक म्हातारा ओरडला,
"हुडगी गाडी होडिताळ नोडो!"
तोपिन्ना मागून म्हणाला, "नोडतोय, नोडतोय,"
आणि माझ्या खांद्याला घट्ट धरलं.

काठावर इराप्पा बसलेला,
गोल होडी पालथी घालून तिला डांबर फासत.
बाज त्याची, बांबू त्याचे,
दोर म्हणून मागाचा जुना पट्टा आमचा.
ट्यूबांत हवा भरायला तास गेला,
सायकलच्या पंपानं, पाळीपाळीनं.
येझदी बाजेवर चढवली, चारी बाजूंनी आवळली,
नवरीसारखी, तोपिन्ना म्हणाला.
बकऱ्यासारखी, मी म्हणाले.
इराप्पा पुढं, वल्हं मारत,
दर दहा हातांवर वळून बघत:
"सावकाश!"
त्याच्या कन्नडातही सावकाश,
आमच्यातही सावकाश.

मध्यावर उजवीकडची ट्यूब
सुस्कारा टाकून बसली.
बाज कलली. टाकीवर पाणी.
मी उडी टाकली, विचार नंतर आला.
खांदा कोपऱ्याखाली दिला,
पाय मारत राहिले, मारत राहिले,
खाली काहीच लागत नव्हतं,
कुणाचं शेत असेल, कुणाची विहीर,
काही नाही, नुसतं गार.
आणि कळलं, कान रिकामा आहे.
खटक नाही. खट नाही.
पाण्याचा ओठ तेवढा ट्यूबेला लागायचा,
सुटायचा.
भीती वाटायला हवी होती,
खरं मी ऐकत होते.

बेट म्हणजे एक टेकाड,
बाभळी तीन, शेण, करडं गवत.
येझदी अठरा किकांनी उठली.
पहिला गोल सुरू केला,
धूळ माझ्या ओल्या सलवारीला चिकटत,
पाणी उजवीकडं, सगळीकडं उजवीकडंच पाणी,
अन् टिटवी डोक्यावर किंचाळत आली.
पुढच्या चाकापासून वीतभर,
उघड्या मुरमात चार अंडी,
खड्यांच्या रंगाची.
हँडल मोडलं, पडले,
कोपर सोललं.
अंडी तशीच.

तोपिन्ना धावत आला. आधी गाडी बघितली,
मग मला, मग अंडी.
"दुसरा गोल?"
"नको."
"एवढं आणून?"
टिटवी ओरडतच होती.
त्यानं चावी काढली, खिशात टाकली,
इराप्पानं डब्यातली भाकरी मोडली,
शेंगाचटणी, कांदा.
आम्ही लांब जाऊन बसलो,
ती घरट्यावर परत येईपर्यंत कुणी बोललं नाही.

परतताना गाडी काही उठली नाही.
यमकनमर्डीपर्यंत ढकलत आणली,
सायलेन्सरमधून थेंब थेंब हिडकल सांडत.

बुधवारी सहाला वीज आली.
कोपराला हळद लावून मी मागावर.
आईनं मागच्या मागावरून विचारलं,
"काय होतं गं त्या बेटावर?"
"चार अंडी."
"आणि?"
धागा तुटला होता, गाठ मारत म्हणाले,
"आमचा एक माग,
अर्ध्यावर मोडलेला."
तिला ऐकू आलं नसावं.